चिमणीचा गळा, पिंगळ्याचे डोके

डॉ. सलीम अली हे नाव आपण शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकातून पाठ केलेले असते. भारताचे पक्षीतज्ज्ञ, पद्मविभूषण, विषय संपला. पण या माणसाकडे विद्यापीठाची कमावलेली एकही पदवी नव्हती, हे त्या पुस्तकात नसते (नावामागचे 'डॉक्टर' मानद, तेही फार उशिरा मिळालेले). आणि ज्या एका पक्ष्याने त्यांना शेवटपर्यंत हुलकावणी दिली तो आपल्या खानदेशात बसला होता, हेही नसते.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. लहानपणी हातात छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपायचा नाद लागला. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड या इंग्रज गृहस्थांनी ती रानचिमणी ओळखली. एवढ्यावर न थांबता त्यांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. हा पोरगा त्यात अडकला तो कायमचा.

कॉलेज मात्र काही जमले नाही. शिक्षण अर्धवट टाकून ब्रह्मदेशात तवाय इथे घरच्या खाणीच्या धंद्यात गेले, तिथेही धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. परत आल्यावर प्राणिशास्त्र शिकले, पण पदवी नाही म्हणून सरकारी झूलॉजिकल सर्व्हेत नोकरी मिळाली नाही. पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) लोकांना माहिती सांगायची नोकरी लागली. रजा काढून बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि १९३० मध्ये परत येऊन बघतात तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! आपल्याकडे एक ए.टी.के.टी. लागली की माणूस दोन दिवस मेसला येत नाही. हे गृहस्थ पत्नी तेहमिनासह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याची घरटी बघत बसले.

त्या बेकारीतून निघाले ते असे. घरटे नर विणतो. अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडले तर ती मुक्काम करते, नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. आता आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी खोप्याचे सगळे श्रेय सुगरणीला दिले आहे, त्याला आम्ही काही करू शकत नाही!

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. त्यात पक्ष्याचे माप ओळखीच्या पक्ष्यावरून दिलेले. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा असे सांगतात. म्हणजे मोजपट्टी आपल्या डोक्यात आधीच आहे. आकार ठरला की चोच बघायची. सुगरण आणि चिमणी यांची आखूड, जाड, शंकूसारखी चोच म्हणजे दाणे फोडणारे. घार, गरुड, घुबड यांची आकडीसारखी वाकडी, म्हणजे मांस फाडणारे. खंड्याची सरळ सुरीसारखी, मासे पकडायला. मग पाय. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात गेलात तर बदकांच्या बोटांमध्ये पडदा असतो, आणि काठाच्या चिखलात उभ्या असलेल्या बगळ्या-करकोच्यांचे पाय काठीसारखे लांब. सुतारपक्ष्याची दोन बोटे पुढे, दोन मागे, म्हणून तो खोडाला चिकटून उभा चढतो. घुबडांचे दोन्ही डोळे समोर, माणसासारखे. रंग बघायचा तो या सगळ्यानंतर. नवशिक्या नेमका रंगापासून सुरुवात करतो आणि फसतो.

गाड्यांचे शौकीन असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. सलीम अलींना मोटरसायकलींचे वेड होते, हार्ले डेव्हिडसनसुद्धा त्यांनी वापरली. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या पक्षीपरिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीतून युरोपात नेली आणि तिच्यावर बसूनच तिथे पोचले. वय तेव्हा ५३!

आता त्या हुलकावणीकडे. रानपिंगळा हा छोटा घुबड ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये जगापुढे आणला. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत शहादा-तळोदा भागातून काही नमुने जमवले. नंतर पक्षी गायबच. फक्त माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका ब्रिटिश कर्नलचा एक नमुना होता. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधले तापीकाठचे मांडवी हे ठिकाण. हा कर्नल सलीम अलींच्या ओळखीचा, १९३७ मध्ये दोघे अफगाणिस्तानच्या सफरीला एकत्र गेलेले. चिठ्ठी खोटी असेल असे कुणाच्या मनात येणार? सत्तरच्या दशकात सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. मिळाला नाही. २० जून १९८७ रोजी सलीम अली गेले.

पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना एक्स-रे काढून तपासला. आतली बांधणी डेव्हिडसनच्या हातची निघाली. कर्नलने ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचा पक्षी चोरून, वरवर नवा करून, स्वतःची चिठ्ठी लावली होती! रासमुसेन यांनी मांडवी बाद केली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोधायचे ठरवले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग या त्यांच्या साथीदाराला एक पिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे ११३ वर्षांनी सापडलेला हा पक्षी धुळे जिल्ह्याचाच म्हणायचा.

नंतर तो तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या यावल अभयारण्यातही नोंदला गेला. हॉस्टेलमागच्या झाडावर जो रात्री किरकिरतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, चोच मोठी, शेपटीवर ठळक पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झुबकेदार आणि नख्या दणकट. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो. यावलला जाल तेव्हा आधी डोके बघा.