लाटेमागे घोडा पळवणारे जॉन स्कॉट रसेल



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी थोर शास्त्रज्ञांची चरित्रे लिहायला सांगितली आहेत. बाकीच्यांनी रामन, न्यूटन, एडिसन घेतले. मी जॉन स्कॉट रसेल घेतले. का घेतले ते आधी सांगतो.

सुट्टीत मी मामाच्या गावाला गेलो होतो. आपल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी प्रवरेतून खाली जाते, ओझरच्या बंधाऱ्यावरून पाटाला लागते आणि तिथून मामाच्या चारीत येते. मामाने चारीचे दार एकदम उचलले. तेव्हा चारीतल्या पाण्यावर एकच उंचवटा उठला आणि पुढे निघाला. मी बांधावरून त्याच्या बरोबरीने पळालो. तो पार वळणापर्यंत तसाच गेला, मोडला नाही. शाळेत हे सांगितले तर मुले हसली. लाटा समुद्रात असतात, चारीत कुठल्या आल्या, असं म्हणाली. मला लई वाईट वाटलं. मग गुरुजींनी मला रसेलांची माहिती दिली.

रसेल यांचा जन्म ९ मे १८०८ रोजी स्कॉटलंड देशात ग्लासगो शहराजवळ झाला. त्यांचे वडील आधी शिक्षक होते. रसेल फार हुशार होते. सतराव्या वर्षी ते पदवी परीक्षा पास झाले. पुढे एडिंबरो शहरात ते शिकवू लागले.

त्या काळी तिकडे कालव्यातून होड्या चालत. होडीला दोर बांधून काठावरून घोडे ओढत. घोड्यांऐवजी वाफेचे इंजिन लावता येईल का, हे बघायचे काम रसेलांना मिळाले. ऑगस्ट १८३४ मध्ये ते युनियन कालव्यावर होते. जोरात चाललेली एक होडी अचानक थांबली. पण होडीपुढचे पाणी थांबले नाही. त्याची एकच गोल, गुळगुळीत लाट झाली आणि ती एकटीच पुढे निघाली. ती सुमारे तीस फूट लांब आणि फूट-दीड फूट उंच होती. रसेल घोड्यावर बसून तिच्या मागे गेले. ती ताशी आठ-नऊ मैल वेगाने चालली होती. एक-दोन मैल गेल्यावर कालव्याच्या वळणात ती दिसेनाशी झाली.

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन विसरला असता. रसेलांनी घरी लांब हौद बांधला आणि त्यात पुन्हा पुन्हा तशी लाट काढून मोजमाप केले. खोल पाण्यात ही लाट जास्त जोरात जाते आणि उंच लाट बुटक्या लाटेपेक्षा जास्त पळते, हे त्यांना समजले. १८४४ साली त्यांनी हे छापले. पण एअरी आणि स्टोक्स या त्या वेळच्या मोठ्या गणितज्ञांना ते पटले नाही. रसेलांनी तरी आपले म्हणणे सोडले नाही.

लाट मोडत का नाही, हे गुरुजींनी प्रभातफेरीवरून सांगितले. फेरीत कोणी भरभर चालतो, कोणी हळू, म्हणून रांग पांगते. साधी लाटही अशीच पांगते. पण या लाटेचा उंच भाग जास्त पळतो, म्हणून ती पुढे गोळा होऊ बघते. पांगणे आणि गोळा होणे सारखे झाले की लाट आहे तशीच राहते.

रसेल जहाजेही बांधत. ग्रेट ईस्टर्न हे तेव्हाचे जगातले सर्वांत मोठे जहाज त्यांच्याच कारखान्यात बांधले गेले. त्या कामात त्यांना पैशाची फार अडचण आली. १८७० साली त्याच जहाजाने आपल्या मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रातून तारेची केबल टाकली.

रसेल ८ जून १८८२ रोजी वारले. १८९५ साली हॉलंडच्या कोर्टेवेग आणि द व्रीस यांनी या लाटेचे समीकरण मांडले. १९६५ साली अशा लाटेला सॉलिटॉन असे नाव मिळाले. १९८० साली अमेरिकेत केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून उजेडाची अशीच न पांगणारी लाट पाठवून दाखवली. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव ज्यांना दिले आहे, त्या अतिशय थंड केलेल्या अणूंच्या ढगातही १९९९ साली सॉलिटॉन सापडले. १९९५ साली शास्त्रज्ञांनी त्याच युनियन कालव्यावर जाऊन होडीने ती लाट परत काढली.

शनिवारी आम्ही पण लाट काढली. आण्णांनी घरची दहा फुटी पत्र्याची पन्हळ दिली. दोन्ही टोके चिखलाने लिंपली, चार बोटे पाणी भरले आणि एका टोकाला पाटीने पाणी ढकलले. एकच उंचवटा त्या टोकाला गेला आणि परत आला. पाणी वाढवले तर तो आणखी लवकर पोचला. हसणारी मुलेच मग पाटीसाठी भांडू लागली.

रसेलांकडून मी हे शिकलो, की आपण डोळ्यांनी नीट बघितलेले कोणी हसले म्हणून सोडू नये, पुन्हा करून दाखवावे.

पन्हळ व्हरांड्यात ठेवली आहे. पालकांनी लाट काढून बघावी. फक्त लिंपण मोडू नये.

इयत्ता चौथी, राजूर