राणीचं श्वानवेड

आमच्या गल्लीत एक काळ असा होता की, चार घरं सोडून एक पॉमेरियन. ज्याच्या घरी रंगीत टीव्ही यायचा, त्याच्या घरी वर्ष-दोन वर्षांत पांढऱ्या झुपकेदार केसांचं पिल्लूही यायचं. नावं ठरलेली. राणी, प्रिन्स, नाहीतर स्वीटी. जाणकार सांगतात की आपल्याकडचे हे बहुतेक ‘पॉमेरियन’ म्हणजे खरं तर इंडियन स्पिट्झ, दिसायला सारखी पण वेगळी जात. पण गल्लीत हे कोण ऐकतंय!

गेल्या पावसाळ्यात अशीच एक म्हातारी कुत्री आमच्या महिला मंडळाच्या पायरीवर भिजत बसलेली सापडली. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर गोचिडं, पोट ओघळलेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिला फार वेळा पिल्लं झालेली दिसतात. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं हिची पिल्लं विकली आणि ती थकल्यावर तिला पावसात सोडून दिलं. मी तिला घरी आणलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला दूधभात कालवून दिला.

तिच्यामुळे मी या जातीची माहिती वाचायला बसले, आणि समोर आली चक्क व्हिक्टोरिया राणी! मैत्रिणींनो, बी.ए.ला माझा इतिहास होता. राणीचा 1858चा जाहीरनामा मी पाठ केला होता. पण ही बाई आयुष्यभर कुत्र्यांच्या मागे वेडी होती, त्यांची पैदास करायची, प्रदर्शनात उतरवायची, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

तिचा जन्म 24 मे 1819चा, लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यातला. आठ महिन्यांची असतानाच वडील गेले. आईचा कारभारी सर जॉन कॉनरॉय याचा घरावर ताबा. ही मुलगी पुढे राणी होणार, तेव्हा ती आपल्याच मुठीत राहावी म्हणून त्यानं आणि आईनं तिच्याभोवती नियमांचं कुंपण घातलं. समवयस्क मुलांशी खेळायचं नाही. कुणाचा हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. झोपायचं आईच्याच खोलीत, तेही थेट अठराव्या वर्षी राणी होईपर्यंत. खेळायला होत्या त्या लाकडी बाहुल्या, शंभराहून जास्त. राजवाड्यातली मुलगी आणि बोलायला बाहुल्या! आपल्याकडे वाड्यांमधून वाढलेल्या जुन्या बायकांना हे एकटेपण फोड करून सांगायला नको.

1833च्या जानेवारीत कॉनरॉयनं तिच्या आईला एक स्पॅनियल कुत्रा भेट दिला. नाव डॅश. भेट आईला, पण कुत्रा झाला लेकीचा. तेरा वर्षांच्या व्हिक्टोरियानं त्याला लाल कोट आणि निळी विजार घालून सजवलं. नाताळला त्याच्यासाठी रबरी चेंडू आणि आल्याच्या केकचे तुकडे ठेवले. ज्या माणसाचा तिला मनापासून तिटकारा होता, त्याच्याच हातून तिला पहिला जिवाभावाचा सोबती मिळाला, याची मला गंमत वाटते.

28 जून 1838ला तिचा राज्याभिषेक झाला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. वेस्टमिन्स्टर अॅबेमधला तो सोहळा जवळजवळ पाच तास चालला. डोक्यावर जड मुकुट, रस्त्यावर लाखोंची गर्दी. आणि राजवाड्यात परतल्यावर राणीसाहेबांनी काय केलं? तो भरजरी पोशाख उतरवला आणि डॅशला आंघोळ घातली. हे वाचून मला माझ्या लग्नाचा दिवस आठवला. सगळ्या धांदलीत मला माहेरच्या मांजरीला कुणी दूध दिलं असेल का, हीच काळजी लागून राहिली होती.

1840मध्ये अल्बर्टशी लग्न झालं. तोही श्वानप्रेमी. जर्मनीहून येताना त्यानं आपली लाडकी काळी ग्रेहाउंड ‘इऑस’ बरोबर आणली. त्याच वर्षाच्या शेवटी डॅश गेला. त्याला विंडसरला पुरलं आणि वर दगड बसवला. पुढे दोघांनी विंडसरच्या होम पार्कमध्ये कुत्र्यांसाठी खास घरं बांधून घेतली. राणीला तिथे उभं राहून कुत्री बघता यावीत म्हणून व्हरांडाही केला. हौस इथूनच पद्धतशीर झाली. कुठल्या जोडीची पिल्लं, नाव काय, रंग कसा, सगळ्यात तिचं लक्ष. पुढे एका छायाचित्रकाराकडून एकेका कुत्र्याचे फोटो काढून त्यांचे अल्बम तयार केले. त्या काळी फोटो म्हणजे काय अपूर्वाईची गोष्ट होती, विचार करा!

तिचा सुरुवातीचा लाडका म्हणजे एक टेरियर. टेरियर ही मूळची कामाची कुत्री. बिळात शिरून कोल्हा, बिज्जू, उंदीर हुसकायचे. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे टेरियर तर आखूड पायांचे, लांबुडके, आणि डोळ्यांवर केस आलेले. राणीच्या टेरियरचं नावही स्कॉटलंडच्या एका बेटावरून ठेवलेलं, त्याचा उच्चार ‘आयला’. आपल्याकडे या नावानं कुत्र्याला चारचौघांत हाक मारायची सोय नाही! मागच्या पायांवर बसून खाऊ मागण्यात हा पटाईत. लँडसीअर या नामवंत चित्रकारानं त्याला रंगवलं, राणीनं स्वतःही त्याची रेखाटनं केली. 1842मध्ये ती पहिल्यांदा स्कॉटलंडला गेली. स्काय टेरियर तिच्या श्वानगृहात वाढू लागले आणि शेतकऱ्याच्या दारातलं हे कुत्रं लंडनच्या उमरावबायकांच्या मांडीवर जाऊन बसलं. राणीनं जे पाळलं ते गावानं पाळलं. नंतर कोली या मेंढपाळी कुत्र्यांचंही तेच झालं.

या हौसेला तिनं एक रेघ आखून घेतली होती. कुत्रा रुबाबदार दिसावा म्हणून कान छाटायचे, शेपूट कापायचं, ही त्या काळातली सर्रास चाल. राणीला ती मान्य नव्हती. राजकन्या असतानाच, 1835 साली, तिनं प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला आश्रय दिला. राणी झाल्यावर 1840मध्ये त्या संस्थेला ‘रॉयल’ ही उपाधी दिली. 1885पासून लंडनच्या बॅटरसी इथल्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रमाचीही ती आश्रयदाती झाली. आमच्यासारख्या चार बायका वर्गणी मागत फिरतात, तेव्हा कळतं की मोठ्या नावाचा एक शब्द किती दारं उघडतो.

पण सगळंच गोड मानून घ्यायला माझं मन तयार होत नाही. नऊ मुलांच्या या आईला तान्ही बाळं मुळीच आवडत नसत, ती तिला बेडकांसारखी वाटत. थोरल्या मुलाशी तिचं कधी धड जमलं नाही. कुत्र्याच्या पिल्लांचं मात्र अपार कौतुक. 1861मध्ये तिला एक पेकिनीज भेट मिळाली. आदल्या वर्षी इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी चीनच्या सम्राटाचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला, त्यातलीच ती. तिचं नावच ठेवलं ‘लूटी’! मूळ शब्द आपलाच, लूट. जीव लावला, पण नाव ठेवताना कुणाला लाज वाटली नाही. आणि 1 जानेवारी 1877ला दिल्लीत दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं, तेव्हा आपल्या पुणे, सोलापूर, सातारा, नगर भागात भीषण दुष्काळ होता. माणसं आणि गुरं दोन्ही मरत होती. मुक्या जनावराचे कान कापलेले जिला सोसत नव्हते, तिच्या राज्यातली ही गोष्ट. ती हिंदुस्थानात कधी आलीच नाही. दुरून जे कळत नाही ते जवळ आल्यावर कळलं असतं का, कोण जाणे.

1861च्या डिसेंबरात अल्बर्ट गेला. ती बेचाळीस वर्षांची. त्यानंतर चाळीस वर्षं काळे कपडे. लोकांत येणं बंद झालं, मंत्री हैराण झाले. त्या दिवसांत तिच्या पायाशी असायचा शार्प नावाचा कोली. तापट, दुसऱ्यावर गुरकावणारा, पण तिच्यापुढे मेंढरू. 1867च्या फोटोत ती काळ्या पोशाखात आहे आणि शेजारी शार्प. शार्पनंतर नोबल. 1887मध्ये तो गेला, त्याला बाल्मोरलला पुरलं.

आता पॉमेरियन. 1888च्या वसंतात ती इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा तांबूस पॉमेरियन घेऊन आली. (त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात तिचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. खरी प्रजा कशी दिसते ते आईला जाऊन सांगा, असं त्यांनी त्याला सुनावलं.) तोवर इंग्लंडमधले पॉमेरियन चांगले दांडगे असत. मार्को जेमतेम साडेपाच किलोचा. राणीला हे छोटं बांधणं फार आवडलं. तिनं विंडसरला त्याच धर्तीवर पैदास सुरू केली. निवडून निवडून लहान चणीच्या जोड्या लावायच्या, रंग बघायचे, पिल्लं पारखायची. तिच्या हयातीतच या जातीचा आकार निम्म्यावर आला असं सांगतात.

1891मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात क्रफ्ट्सचं पहिलं श्वानप्रदर्शन भरलं. बहात्तरीच्या घरातल्या राणीनं आपले सहा पॉमेरियन त्यात उतरवले. मार्कोनं पहिलं बक्षीस पटकावलं. परीक्षकाच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! राणीच्या कुत्र्याला दुसरा नंबर द्यायचा म्हणजे छातीच हवी. पण मार्को होताही तसाच देखणा, हे फोटोत दिसतं. त्यानंतर सामान्य घरातही पॉमेरियन हवा झाला, आणि ती हौस समुद्र ओलांडून फिरत फिरत आमच्या गल्लीपर्यंत पोचली.

हौस पोचली, बाकीचं वाटेत गळलं. तिच्या कुत्र्यांना नाव होतं, म्हातारपण होतं, मेल्यावर दगड होता. अर्थात तिच्याकडे राजवाडा होता आणि आमच्याकडे दोन खोल्या, हे मलाही कळतं. पण पिल्लं विकायला जागा पुरते आणि म्हातारीलाच कशी पुरत नाही?

1901च्या जानेवारीत वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये ती अंथरुणाला खिळली. वय एक्क्याऐंशी. मुलं, नातवंडं जमली, जर्मनीचा सम्राट असलेला नातूही धावून आला. राणीला ‘टुरी’ हवा होता. हा तिचा शेवटचा छोटा पॉमेरियन. त्याला आणून बिछान्यावर तिच्याजवळ ठेवलं. 22 जानेवारीच्या संध्याकाळी राणी गेली.

आमच्या म्हातारीला अजून नाव ठेवलेलं नाही. सासूबाई तिला नुसतं ‘बाई’ म्हणतात. दुपारी त्या पोथी वाचत बसल्या की, ती त्यांच्या पायावर मान टाकून झोपते.