निवडीचे स्वातंत्र्य देणारे शिक्षणमहर्षी : चार्ल्स एलियट

विद्यार्थ्याने काय शिकावे हे कोणी ठरवावे? दहावी-बारावीच्या निकालानंतर घरोघरी उभा राहणारा हा प्रश्न सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्याची ४० वर्षे वेचली, ते म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट.

दि. २० मार्च १८३४ रोजी बॉस्टन येथील एका प्रतिष्ठित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जन्मतःच चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मोठा लालसर डाग असल्याने बालपणी त्यांना इतर मुलांची टवाळी सोसावी लागली. वडील सॅम्युएल हे काही काळ बॉस्टनचे महापौर व पुढे हार्वर्डचे खजिनदार होते. १८४९ साली एलियट हार्वर्डमध्ये दाखल झाले, तेव्हा ग्रीक, लॅटिन, गणित असा ठरावीक अभ्यासक्रम बहुतांशी सर्वांना सक्तीचा होता. त्यांना मात्र रसायनशास्त्राची गोडी लागली. प्रा. कुक यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची दुर्मिळ संधी त्यांना लाभली आणि आवडीच्या विषयात मन कसे रमते याचा अनुभव आला.

१८५७ च्या आर्थिक अरिष्टात वडिलांची संपत्ती गेली. १८६३ मध्ये हार्वर्डमधील प्राध्यापकपदही हुकले. एलियट सहकुटुंब युरोपला गेले व तेथील शिक्षणसंस्था त्यांनी बारकाईने पाहिल्या. १८६५ साली मेरिमॅक या मोठ्या कापड गिरणीने त्यांना वार्षिक ५,००० डॉलर पगार व राहावयास घर देऊन व्यवस्थापक होण्याची विनंती केली. घरची स्थिती पाहता कोणीही हे पद स्वीकारले असते. परंतु एलियट यांनी पूर्ण विचारांती शिक्षकी पेशाच पत्करला.

१८६९ साली वयाच्या ३५ व्या वर्षी ते हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले होते आणि पदरी दोन लहान मुले होती. दुःख गिळून त्यांनी कार्यास वाहून घेतले. १८७२ मध्ये शेवटच्या वर्षाची, १८७९ मध्ये तिसऱ्या वर्षाची आणि १८८४ मध्ये दुसऱ्या वर्षाची विषयसक्ती उठली. १८८६ मध्ये प्रार्थनेची हजेरीदेखील ऐच्छिक झाली. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाचे इंग्रजी लेखन एवढाच विषय सक्तीचा उरला. या मोकळिकीमुळे विज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास, आधुनिक भाषा यांना मानाचे स्थान मिळाले.

तथापि, या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही दिसू लागली. अनेक विद्यार्थी सोपे विषय निवडून पदवी पदरात पाडून घेत. १९०९ साली एलियट निवृत्त झाल्यावर नवे अध्यक्ष लोवेल यांनी, एका विषयाचा सखोल अभ्यास आणि त्याचबरोबर इतर विद्याशाखांचा परिचय, अशी चौकट आखली. विषयनिवड राहिली, पण तिला मर्यादा आली.

निवृत्तीनंतर स्वतः एलियट यांनी ५० खंडांची निवडक ग्रंथमाला संपादित केली. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसानेही रोज १५ मिनिटे वाचन करून सुशिक्षित व्हावे, हा त्यामागील हेतू होता. स्वातंत्र्याच्या या पुरस्कर्त्यासही अखेर काही वाचन सर्वांसाठी आवश्यक वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दि. २२ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही मुख्य व दुय्यम विषय निवडण्याचा मार्ग खुला केला आहे. मुलांची आवड ओळखून त्यांना निवड करू द्यावी. परंतु ती निवड सोयीची आहे की विचारपूर्वक केलेली, हे वडीलधाऱ्यांनी प्रेमाने पाहावे. एलियट यांच्या जीवनापासून एवढा बोध घेतला तरी पुष्कळ झाले.