शाहू महाराज आणि कोल्हापूरची मल्लविद्या
राजर्षी शाहू महाराज (जन्म : २६ जून १८७४, मृत्यू : मुंबई, ६ मे १९२२) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती, समाजसुधारक आणि मल्लविद्येचे आश्रयदाते होते.

== जीवन ==
कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना १७ मार्च १८८४ रोजी छत्रपतींच्या गादीवर दत्तक घेण्यात आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. ते स्वतः कुस्ती खेळत. १९०२ साली त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या.

== खासबाग मैदान ==
१९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोममधील कलोसियम पाहिले. तेथून परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. हे काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी मातीचा आखाडा आणि सभोवती चढत जाणारी गोलाकार बैठक अशी त्याची रचना असल्याने मागच्या प्रेक्षकालाही कुस्ती दिसते. कलोसियममध्ये माणसांच्या प्राणांशी खेळ होई. खासबागेत मात्र त्याच आकाराचा उपयोग पाठ टेकवून निकाल देणाऱ्या खेळासाठी झाला.

== तालीम आणि हौदा ==
मैदान हे लढतीचे स्थान, तर तालीम ही घडणीची जागा होय. पारंपरिक तालमीत हौदा छताखाली असतो. दार ठेंगणे आणि झरोके मोजके ठेवल्याने घामाने भिजलेल्या मल्लाला थेट वारा लागत नाही व मातीतील ओलावा टिकतो. तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद व कापूर मिसळतात. त्यामुळे माती मऊ राहते आणि पडणाऱ्याला इजा कमी होते. ही माती रोज उकरून मोकळी करावी लागते. दुर्लक्ष झाल्यास ती घट्ट होते.

महाराजांनी तालमींना आणि मल्लांच्या खुराकाला आश्रय दिला. गरीब घरातील मुलास दूध, तूप व बदाम परवडत नसत. राजाश्रयामुळे त्याची कुस्ती ऐपतीवर अडली नाही.

== वारसा ==
महाराजांच्या निधनानंतरही कोल्हापूरची तालीम परंपरा टिकली. तेथे सराव केलेल्या खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. मात्र त्या स्पर्धेत कुस्ती गादीवर होती. मातीत घडलेल्या मल्लांसमोर गादीचा सराव मिळवण्याचा प्रश्न तेव्हापासून उभा आहे, आणि आज अनेक तालमींत हौद्याशेजारी गादीही दिसते.