तिसऱ्या गटातली खरखर

तापाच्या तक्त्यात आकड्याशेजारी वेळ नसेल तर त्या आकड्याचा डॉक्टरला फारसा उपयोग नसतो. नोंदींची ही शिस्त किती दूर नेऊ शकते, हे कार्ल जान्स्की यांच्या आयुष्यात दिसते.

जान्स्की यांचा जन्म १९०५ चा, अमेरिकेतील ओक्लाहोमाचा. महाविद्यालयात असतानाच त्यांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला. प्रकृतीमुळे नोकरी मिळणेही अवघड होते. अखेर १९२८ मध्ये बेल लॅबोरेटरीजने त्यांना न्यू जर्सीतील ग्रामीण केंद्रावर घेतले. काम रुक्ष होते : अटलांटिकपार चालणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, ते शोधायचे.

त्यांनी सुमारे ३० मीटर लांबीचा अँटेना उभारला आणि तो फोर्ड मोटारीच्या चाकांवर फिरता ठेवला. वीस मिनिटांत एक फेरी पूर्ण होई. सरकत्या कागदावर पेन सतत रेघ काढत असे. त्यामुळे प्रत्येक नोंदीची वेळ आणि दिशा ठाऊक असे. या नोंदींचे त्यांनी तीन गट पाडले : जवळची वादळे, दूरची वादळे आणि कारण न कळलेली मंद, अखंड खरखर.

हा तिसरा गट त्यांनी टाकून दिला नाही. आधी त्यांना सूर्याचा संशय आला. पण महिनोन्‌महिन्यांचे कागद ताडून पाहिल्यावर खरखर रोज चार मिनिटे लवकर येत असल्याचे दिसले. २३ तास ५६ मिनिटांचे हे चक्र ताऱ्यांचे असते. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केले, की हा आवाज सूर्यमालेबाहेरून, धनू राशीच्या दिशेने येतो आहे. तिथेच आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. रेडिओ खगोलशास्त्राची ही सुरुवात होती.

पुढे त्यांना दुसऱ्या कामावर नेमले गेले. १९५० मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण त्यानंतर चार वर्षांनी झाले.

१९७३ पासून रेडिओलहरींची तीव्रता ‘जान्स्की’ या एककात मोजतात. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटीच्या तीस अँटेना आजही किती जान्स्की येतात हे ठाऊक असलेल्या स्रोताकडे वळवतात. त्यावरून यंत्राची चूक कळते आणि मग अनोळखी स्रोताचे मोजमाप दुरुस्त करता येते. वेळ, दिशा, वारंवारता आणि अँटेनाची जोडी यांनुसार नोंदी लावलेल्या असतात. बिघडलेल्या नोंदींवर खूण केली जाते, म्हणजे त्या हिशेबातून वगळता येतात आणि पुन्हा तपासताही येतात.

घरी रक्तदाबाची वही ठेवत असाल, तर हेच करा. वेळ लिहा, कोणता हात ते लिहा, यंत्र अधूनमधून डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्या. आणि न जुळणारा आकडा खोडू नका. तो आम्हाला दाखवा.