लॉर्ड केल्विन आणि आमच्या घरचं स्लो इंटरनेट

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच माफ करा. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण माझे बाबा मॅगझिनची फक्त मराठी पानं वाचतात!

मागच्या सेमिस्टरमध्ये एका शनिवारी हॉस्टेलवरून नेरुळला घरी गेले, तर घरात सगळे गप्प. ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. ऐन वेळी आवाज तुटायला लागला, चित्र गोठलं आणि ती नोकरी हातची गेली. महिन्यापूर्वीच बाबांनी ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला होता. पैसे जास्त गेले, फरक मात्र शून्य! मी इंजिनिअरिंगची, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही सुचेना. तेव्हा आठवले लॉर्ड केल्विन.

आपल्याला केल्विन माहीत असतात ते तापमानापुरते. पण स्लो कनेक्शन का स्लो असतं, हे गणिताने शोधणारे पहिले मोठे इंजिनिअर तेच.

त्यांचं मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म १८२४ चा, बेलफास्टचा. सहा वर्षांचे असताना आई गेली. वडील गणिताचे प्राध्यापक. त्यांनीच मुलांना शिकवलं. विल्यम दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले आणि २२ व्या वर्षी तिथेच प्रोफेसर! (आपण २२ व्या वर्षी केटी क्लिअर करत असतो, असो.) १८४८ मध्ये त्यांनी तापमानाची ती प्रसिद्ध मोजपट्टी मांडली.

त्या काळात युरोप आणि अमेरिकेमध्ये समुद्राखालून टेलिग्राफची केबल टाकायचं ठरत होतं. थॉमसन यांनी १८५५ मध्ये दाखवून दिलं, की अशी केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर आहे. आत तांबं, मध्ये इन्सुलेशन, बाहेर समुद्राचं पाणी. एका टोकाला दिलेला टोकदार सिग्नल दुसऱ्या टोकाला पसरट होऊन पोचतो. लांबी दुप्पट केली की उशीर चौपट होतो. उपाय? तांबं शुद्ध आणि जाड घ्या, इन्सुलेशन चांगलं ठेवा आणि टोकाला नाजूक सिग्नलही ओळखेल असं यंत्र बसवा.

कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते व्हाइटहाउस, मूळचे डॉक्टर. त्यांना हे पटलं नाही. १८५८ मध्ये केबल जोडली गेली, पण राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला १६ तास लागले! मग व्हाइटहाउस यांनी जोर वाढवला, सुमारे २००० व्होल्ट दिले. आधीच कमकुवत असलेली ती केबल काही आठवड्यांत कायमची बंद पडली.

थॉमसन यांनी जोर वाढवला नाही, मोजमाप वाढवलं. तांब्याचा प्रत्येक तुकडा तपासून घ्यायचा आग्रह धरला. छोट्याशा आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला. अगदी क्षीण करंट आला तरी त्याच्यावरचा प्रकाशाचा ठिपका हलायचा. १८६५ ची केबल समुद्रात तुटली. तरी १८६६ मध्ये ते पुन्हा जहाजावर गेले. या वेळी तांबं जवळजवळ तिप्पट होतं, आणि मिनिटाला ८ शब्द जायला लागले. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली.

ही गोष्ट आपल्या मुंबईपर्यंतही येते बरं का! ज्या ग्रेट ईस्टर्न जहाजाने १८६६ ची केबल टाकली, त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनला जोडली गेली. आजही वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या इंटरनेट केबल्स येतात.

जगाला जोडणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र दुःख होतं. पत्नी मार्गारेट लग्नानंतर लवकरच आजारी पडल्या आणि त्याच १८७० मध्ये वारल्या. केल्विन चुकलेसुद्धा. पृथ्वीचं वय त्यांनी शेवटी दोन ते चार कोटी वर्षं धरलं. ते साडेचारशे कोटी निघालं! १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव त्यांनी घेतलं. १९०७ मध्ये ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनशेजारी त्यांना पुरलं आहे.

तर आमच्या घरी मीही आधी मोजलं. कॉम्प्युटर वायरने थेट राउटरला जोडला: स्पीड ९४. मग मागच्या खोलीत वाय-फायवर: ६! म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती. राउटर हॉलमध्ये लोखंडी कपाटाच्या मागे होता, मध्ये दोन भिंती, वर शेजारच्या सगळ्या फ्लॅट्सच्या वाय-फायची त्याच बँडवर गर्दी. राउटर पॅसेजमध्ये उंचावर ठेवला, ५ गिगाहर्ट्झचा बँड लावला, तर ६ चे ६० झाले. खर्च काही नाही. प्लॅन परत ५० वर आणला.

बाबा थोडे खट्टू झाले. मी म्हटलं, व्हाइटहाउस यांनीही हेच केलं होतं, आणि तुमच्या हातून निदान केबल तरी जळली नाही!

ताईचा पुढचा इंटरव्ह्यू ठरला आहे. त्यासाठी बाबांनी स्वतः हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने वायर टाकली, दर हातभर अंतरावर क्लिप ठोकून. टाकून झाल्यावर मला म्हणाले, आता मोज.