नायगावचा सोंगाड्या

बाइकवर ट्रिपल सीट निघालेले असता. पुढच्या चौकात खाकी वर्दी दिसते आणि मागे बसलेला मित्र तुमच्या कानाशी एकच शब्द पुटपुटतो : पांडू! पोलिसांना हा शब्द आवडत नाही, आणि का आवडावा? पण तो आला कुठून असं विचारलं, तर निम्मा ग्रुप गप्प होईल. काही जण 2021 च्या ‘पांडू’ सिनेमाचं नाव घेतील, भाऊ कदम आणि कुशल बद्रिकेच्या. त्याच्या कितीतरी आधी, 1975 साली, ‘पांडू हवालदार’ने हा शब्द घरोघरी पोचवला होता. त्यातला पांडूही आणि त्या सिनेमाचा दिग्दर्शकही एकच माणूस. दादा कोंडके.

‘हास्यजत्रे’त स्किट करणाऱ्या प्रसाद खांडेकरने 2023 मध्ये ‘एकदा येऊन तर बघा’ दिग्दर्शित केला, तेव्हा तुम्हाला त्याचं नवल वाटलं नसेल. स्किटवाला पुढे दिग्दर्शक होतो, हे आता रुळलंय. दादा त्या वाटेने गेले तेव्हा मुंबईत दूरदर्शनच नव्हतं. ते सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्यामुळे दादांची स्किटं झाली ती कलापथकाच्या फळ्यांवर. टेक नाही, कट नाही. विनोद पडला की समोरच कळायचं.

उलव्याहून अटल सेतूने शिवडीला उतरलात, की तिथून नायगाव-लालबाग फार लांब नाही. तिथल्याच चाळीत, गिरणी कामगारांच्या घरात दादा वाढले. जन्म 8 ऑगस्ट 1932 चा, पाळण्यातलं नाव कृष्णा. मूळ गाव भोरजवळचं इंगवली. म्हणजे एक पाय गिरणीच्या भोंग्यात आणि एक गावच्या जत्रेत. मुंबईची भाषा येते आणि गावची विसरलेली नाही, अशी ही पोरं. दादांच्या सिनेमातला भोळा गावकरी शहरी माणसाने लांबून पाहिलेला वाटत नाही, त्याचं कारण इथे आहे. तारुण्यात त्यांनी मारामाऱ्या केल्या, बँडपथकात वाजवलं, मग ‘अपना बाजार’मध्ये नोकरी धरली. त्याच काळात वर्षभरात घरातली जवळची माणसं एकामागोमाग गेली आणि ते पार मिटून गेले. पुढे महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाचं एक अख्खं वर्ष असं गेलंय.

मग राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. इथे थोडं थांबा, कारण पुढे हेच दादा शिवसेनेच्या सभा गाजवणार होते. समाजवाद्यांच्या शाळेत शिकलेला विद्यार्थी बाळासाहेबांच्या व्यासपीठावर! त्यांना कुठल्याही एका खणात बसवायला गेलात, तर फसाल. कलापथकात लोकनाट्य हे माध्यम होतं : गण, गवळण, बतावणी आणि वग. त्यातली बतावणी म्हणजे आजच्या स्किटची आजीच. दोन-तीन माणसं, नेपथ्य जवळपास नाही, शब्दाला शब्द भिडवायचा.

वसंत सबनिसांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला होता. त्याचंच पुढे ‘विच्छा माझी पुरी करा’ झालं. कोतवालाची रिकामी जागा, ती पटकावायला टपलेले लोक, मैनावती आणि राजाचा पलंग. एवढ्या ऐवजावर दादांनी हवालदार रंगवला तो दीड हजाराहून जास्त प्रयोग. आकडा पुन्हा वाचा. 1965 च्या सुमाराला हे सुरू झालं, तेव्हा ते तेहतिशीत होते. संहिता सबनिसांची, पण रोजच्या पेपरातली बातमी संध्याकाळी दादांच्या तोंडी यायची. मंत्री, महागाई, पक्ष, कुणीही सुटायचं नाही. राजा स्टेजवरचा, टोपी मात्र खऱ्या सरकारच्या डोक्यावर. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दादा गेले नाहीत. माझ्या मते त्यांचं दिग्दर्शनाचं शिक्षण या दीड हजार रात्रींत झालं : हशा कुठे येतो, किती वेळ टिकतो, तो ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर वाया कसं जातं.

आशा भोसले यांनी नाटक पाहिलं आणि भालजी पेंढारकरांना दादांचं नाव सुचवलं. 1969 ला ‘तांबडी माती’ आला. त्यानंतर दादांनी कुणाच्या फोनची वाट बघितली नाही, स्वतःच निर्माते झाले. ‘सोंगाड्या’ (1971) सबनिसांनीच लिहिला, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, सोबत उषा चव्हाण आणि आईच्या भूमिकेत रत्नमाला. आईच्या धाकातला नाम्या तमाशा बघायला जातो आणि त्याचं आयुष्यच उलटंपालटं होतं. ढगळ हाफ पँट, लोंबणारी नाडी आणि भाबडा चेहरा. हिरोला हिरोसारखं दिसायची सक्ती नाही, हे मराठी पडद्यावर त्या नाडीने सांगून टाकलं.

दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये मात्र ‘सोंगाड्या’ऐवजी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लागणार होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि ‘सोंगाड्या’ लागला. ही गोष्ट आज हसत सांगितली जाते. पण मुंबईतच मराठी सिनेमाला पडदा मिळायला शाखेची मदत लागावी, यात हसण्यासारखं फार नाही. मल्टिप्लेक्समधल्या मराठी शोची वेळ एकदा बघा, म्हणजे मुद्दा किती जुना नाही ते कळेल.

पुढच्या वर्षी ‘एकटा जीव सदाशिव’. गोविंदाचा ‘जिस देश में गंगा रहता है’ पाहिला असेल, तर त्याचं मूळ हे. आणि 1975 ला ‘पांडू हवालदार’, दिग्दर्शक म्हणून पहिला. वय त्रेचाळीस. कॅमेऱ्याच्या करामती त्यात शोधू नका. दादांची फ्रेम बरेचदा रंगमंचासारखी समोरून दिसते, माणसं त्यात येतात आणि खेळतात. समीक्षकांनी याला कच्चेपणा म्हटलं, मला ती निवड वाटते. विनोद दोन चेहऱ्यांमध्ये घडत असेल, तर दोन्ही चेहरे दिसले पाहिजेत. त्यातला दुसरा चेहरा होता तरुण अशोक सराफ. स्वतःच्या सिनेमात दुसऱ्या विनोदी नटाला इतकी मोकळी जागा द्यायला छाती लागते. संगीतासाठीही त्यांनी नवी जोडी घेतली, राम-लक्ष्मण. त्यातले सुरेंद्र लवकर गेले, पण विजय पाटील यांनी जोडीचंच नाव पुढे चालवलं. ‘मैंने प्यार किया’ची गाणी त्यांचीच.

मग ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’. नऊ सिनेमे सलग पंचवीस आठवडे चालले आणि नाव गिनीज बुकात गेलं.

आता डबल मीनिंगचं बोलू, कारण तुम्ही कधीपासून त्याचीच वाट बघताय. युक्ती साधी होती. पडद्यावरचा माणूस निरागस, कागदावरचं वाक्य निरागस, घाण ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरने पकडायचं तरी काय? लोकनाट्यात ही जुनी कला आहे. सोवळं नाक मुरडणाऱ्यांना त्रास बहुधा अश्लीलतेपेक्षा तिच्या गावठी उच्चारांचा जास्त होता, कारण तीच चावट कोटी शुद्ध मराठीत आली की तिला खुसखुशीत म्हणतात. पण म्हणून सगळंच माफ करायचं का? नाही. ‘सोंगाड्या’तली कलावती हे एक माणूस आहे. नंतरच्या सिनेमांत बाई हळूहळू कोटीचं निमित्त होऊन बसते आणि कोटी आधी, गोष्ट मागून येते. आज ते बघताना अवघडल्यासारखं वाटलं, तर तुम्ही काही चुकत नाही.

उतारालाही एक तारीख जोडावीशी वाटते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, मग गिरण्या थांबल्या, आणि दादांचा हक्काचा प्रेक्षक चाळींतून पांगला. त्यातली काही कुटुंबं तुमच्या सोसायटीतही असतील. दादा 1984 ला ‘तेरे मेरे बीच में’ घेऊन हिंदीत गेले. तिथे कोट्या पोचल्या, पण भोर-इंगवलीचा वास हरवला. मराठी सिनेमे ते 90 च्या दशकातही काढत राहिले. 14 मार्च 1998 रोजी हृदयविकाराने मुंबईतच गेले.

बघायचंच असेल, तर सुरुवात ‘सोंगाड्या’ने करा, रील्सवरच्या तुकड्यांनी नको. आणि एकट्याने हेडफोन लावून बघू नका. घरात गिरणगाव पाहिलेले आजोबा असतील, तर त्यांना शेजारी बसवा. ते कुठे हसतात, तिकडे लक्ष ठेवा.